मासळी राजाची, डागडुजी कोणाची?

आरमारांचा इतिहास आपण अभिमानाने वाचतो. धरणाच्या फुगवट्यावर दोन माणसे आणि एक जाळे एवढाच भार वाहणारी बारा-चौदा फुटांची होडी मात्र इतिहासकाराच्या नजरेत भरत नाही. तिच्यावर कोणी युद्ध जिंकलेले नाही, कोणताही तह तिच्यावर बसून झालेला नाही. माझ्या नोकरीची बरीच वर्षे महाराष्ट्राबाहेर, मध्य आणि पूर्व भारतातील धरणांच्या आसपासच्या जिल्ह्यांत गेली. तेथे मत्स्यव्यवसायाच्या फायली हाताळताना एक साधा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येई. जलाशयातील मासळीवर शासन हक्क सांगते, मासेमाराला होडीही देते. मग ती होडी नीट राखण्याचे काम कोणाचे? हा प्रश्न आजचा नाही. त्याला सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचे एक स्पष्ट उत्तर आपल्या परंपरेत कधीचेच दिले गेले आहे.

कौटिल्याचा नावध्यक्ष

कौटिलीय अर्थशास्त्राचे हस्तलिखित १९०५ मध्ये म्हैसूर येथे आर. शामशास्त्री यांच्या हाती आले आणि १९०९ मध्ये ते छापून प्रसिद्ध झाले. पुढे मुंबई विद्यापीठाने प्रा. र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास असे तीन खंड १९६० ते १९६५ या काळात प्रकाशित केले. आजही या ग्रंथाचा अभ्यासक कंगल्यांना वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

या ग्रंथाचे दुसरे अधिकरण म्हणजे खातेप्रमुखांच्या कर्तव्यांची जंत्रीच आहे. त्याच्या पहिल्याच अध्यायात, नव्या वसाहतींचा विचार करताना, जलाशयांतील मासळीवर राजाचे स्वामित्व असावे असे सांगितले आहे. ज्याने बांध घातला त्याचे पाणी, आणि ज्याचे पाणी त्याची मासळी, असा तो सरळ हिशेब. पुढे अठ्ठाविसाव्या अध्यायात नावध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. समुद्र, नदीमुखे, सरोवरे आणि नद्या येथील सर्व जलवाहतूक त्याच्या अखत्यारीत असे. मासेमारांनी होडीचे भाडे म्हणून पकडलेल्या मासळीचा सहावा हिस्सा द्यावा, अशी तेथे तरतूद आहे. शंख आणि मोती काढणाऱ्यांनी एक तर भाडे द्यावे किंवा स्वतःच्या होड्या वापराव्यात, अशी मुभाही आहे.

येथपर्यंत हे सर्व कोणत्याही महसूल खात्याला आवडेल असेच आहे. परंतु त्याच अध्यायात आणखी एक नियम आहे. पुरेशी माणसे किंवा साधने नसल्यामुळे, अथवा डागडुजी न झाल्यामुळे नाव बुडाली, तर झालेले नुकसान नावध्यक्षाने भरून द्यावे. संदर्भ मुख्यतः नदी पार करणाऱ्यांच्या नावांचा आहे हे खरे. पण खाते तेच, अधिकारी तोच आणि तत्त्वही तेच. जो भाडे घेतो त्याने नाव पाण्यावर तरंगेल याची हमी घ्यावी. हक्क आणि डागडुजी या दोन गोष्टी कौटिल्याने एकाच अध्यायात, एकाच अधिकाऱ्याच्या गळ्यात बांधल्या. मौर्यकाळी किंवा त्यानंतर हा नियम प्रत्यक्षात कितपत पाळला गेला हा प्रश्न वेगळा. तो नियम म्हणून सुचावा, हेच मला महत्त्वाचे वाटते.

प्राचीन शासनाला मासेमारी रोखताही येत असे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथींना मासे मारण्यास आणि विकण्यास मनाई केली आहे. मासेमारांसाठी राखलेल्या जलक्षेत्रांना त्या लेखात ‘केवटभोग’ असा शब्द आहे. म्हणजे गोड्या पाण्याचे राखीव क्षेत्र, बंदीचा काळ आणि राजाचा हिस्सा या तिन्ही कल्पना आपल्याकडे पुरातन आहेत. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात गळाने मासे पकडण्याच्या विनोदावर स्वतंत्र प्रकरण रचले. मराठीच्या अगदी आरंभीच्या पद्यरचनेचे नमुने ज्या ग्रंथात सापडतात तोच हा ग्रंथ. कोणत्या माशाला कोणते आमिष आवडते याची बारकाईने नोंद करणारा हा राजा मासेमारीकडे रसिकाच्या दृष्टीने पाहतो. कौटिल्य मात्र हिशेबनिसाच्या दृष्टीने. मला या बाबतीत हिशेबनीस अधिक उपयोगी वाटतो.

इंग्रजी अमदानी

एकोणिसाव्या शतकात गोड्या पाण्यातील मासळीकडे पुन्हा शासनाचे लक्ष गेले ते दोन सरकारी नोकरांमुळे. मद्रास सैन्यातील शल्यवैद्य फ्रान्सिस डे यांनी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातील गोड्या पाण्यातील मासे व मासेमारी यांवर १८७३ मध्ये अहवाल सादर केला. कालव्यांच्या तोंडांशी लावलेले सापळे आणि बारीक आसांची जाळी यांमुळे पिल्ले मोठी होण्यापूर्वीच संपतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी मद्रास मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस यांचे गळाच्या मासेमारीवरील प्रसिद्ध पुस्तक मंगळूरहून निघाले. ‘महसीर’ या माशाची कीर्ती साहेबलोकांत पसरली ती मुख्यतः या पुस्तकामुळे. थॉमस यांनीही माशांच्या पिल्लांच्या संहाराविरुद्ध सरकारदरबारी लेखणी झिजवली.

या मंथनातून पुढे १८९७ चा चौथा कायदा, म्हणजे भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, जन्माला आला. पाण्यात स्फोटके उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरला. जाळ्याच्या आसांचा आकार ठरविण्याचे, बांध आणि स्थिर सापळे यांवर निर्बंध घालण्याचे आणि एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचे अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाले. कायदा छोटा आणि नेटका आहे. परंतु तो साराच मनाईच्या भाषेत बोलतो. मासेमाराने काय करू नये हे त्यात आहे. मासेमारासाठी शासनाने काय करावे याचा उल्लेख नाही. होडीला तर त्यात स्थानच नाही. कौटिल्याच्या अध्यायातील पहिला अर्धा भाग नव्या राज्यकर्त्यांच्या कायद्यात उतरला, दुसरा अर्धा गळून पडला.

याची आपल्या घराजवळची साक्ष विदर्भात मिळते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव आहेत. ढीवर समाज पिढ्यान्‌पिढ्या त्यांत मासेमारी करीत आला. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते आणि त्यांची पाळ, सांडवा यांची दुरुस्ती गावाच्या रिवाजाने होत असे. त्या काळच्या मध्य प्रदेश राज्याने १९५० मध्ये मालगुजारी नष्ट करणारा कायदा केला आणि तलाव शासनाचे झाले. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना आजही ‘मामा तलाव’ म्हणतात. मालगुजारी गेली हे न्याय्यच झाले. पण तलावाची मालकी ज्या दिवशी हस्तांतरित झाली त्या दिवशी गाळ काढण्याची जबाबदारी कोणाकडे गेली, हे कागदावर तितक्या स्पष्टपणे उतरले नाही. पुढील कित्येक दशके तलाव गाळाने भरत राहिले. नावावर होणे आणि निगा राखणे यांतील हे अंतर आपल्या प्रशासनाचे जुने दुखणे आहे.

पाणी, बीज आणि धातू

स्वातंत्र्यानंतर गोड्या पाण्याचा नकाशाच बदलला. त्या बदलाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ओडिशा. तेथे महानदीवरील हिराकुड धरणाचे उद्घाटन १३ जानेवारी १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. भरल्यावर सुमारे ७४६ चौरस किलोमीटर पसरणारा हा जलाशय पूर्वी नदीच्या धारेत मासे पकडणाऱ्या केवटांसमोर अथांग होऊन उभा राहिला.

त्याच वर्षी, १० जुलै १९५७ रोजी, त्याच राज्यातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांच्या मेंदूतील पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. रोहू, कटला, मृगळ हे मासे एरवी वाहत्या पुराच्या पाण्यातच अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात घालत नाहीत. या शोधामुळे मत्स्यबीज हवे तेव्हा तयार करून धरणांत सोडणे शक्य झाले. १० जुलै हा दिवस म्हणूनच राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

तिसरी घटना १९५९ मधील. हिराकुडच्या विजेवर तेथेच अॅल्युमिनियम गाळण्याचा कारखाना सुरू झाला. मातीपासून हा धातू मिळविण्यासाठी विजेचा अतोनात खप होतो. एक किलो अॅल्युमिनियमला ढोबळमानाने पंधरा युनिट वीज लागते. म्हणून जेथे धरण तेथे हा कारखाना, असे समीकरण बसले. उत्तर प्रदेशात रिहंद धरण १९६२ मध्ये पुरे झाले आणि त्याच वर्षी जवळच्या रेणुकूट येथे असाच कारखाना सुरू झाला.

म्हणजे तीन वर्षांच्या आत एकाच राज्यात पाणी, बीज आणि धातू या तिन्ही गोष्टी शासनाच्या पुढाकाराने सिद्ध झाल्या होत्या. साठ किलो वजनाच्या अॅल्युमिनियमच्या होडीला सुमारे ९०० युनिट वीज पुरते, आणि ती वीज त्याच पाण्यातून निघत होती ज्यात मासेमाराला उतरायचे होते. वीज करार करून कारखान्याला दिली गेली, मासळी अनेक ठिकाणी लिलाव करून ठेकेदाराला दिली गेली. बुडालेल्या गावांतील माणसाच्या वाट्याला ट्रकच्या चाकातील हवा भरलेली ट्यूब आली. आजही मध्य भारतातील किती तरी धरणांवर माणसे ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या ठोकळ्यांवर बसून जाळी टाकताना दिसतात.

जर्मनची होडी

अॅल्युमिनियम आपल्या घरांत आले ते भांड्यांच्या रूपाने. त्याचे श्रेयही एका सरकारी नोकराकडे जाते. मद्रासच्या कलाशाळेत अल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये अॅल्युमिनियमची भांडी घडविण्याचा प्रयोग सुरू केला. काही वर्षांतच तो उद्योग खासगी कंपनीच्या हाती सोपविण्यात आला. आपल्याकडे या धातूला ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ असे नाव पडले. जर्मनच्या पातेल्यात ताक ठेवू नये, चिंचेचे सार त्यात उकळू नये, सोड्याने ते घासू नये, हे आपल्या आज्यांना कोणत्याही रसायनशास्त्राविना ठाऊक होते. होडीची निगा राखण्याचे अर्धे शास्त्र या तीन नियमांत आहे.

या धातूच्या होड्या युरोपात १८९० च्या दशकातच तयार झाल्या, पण खाऱ्या पाण्यात त्या लवकर खाल्ल्या गेल्या. पुढे मॅग्नेशियम मिसळलेले मिश्रधातू आले आणि पाण्यातला टिकाऊपणा वाढला. दुसरे महायुद्ध संपताना अमेरिकेतील ग्रुमन या विमान कंपनीने विमानाच्या पत्र्यापासून आणि रिव्हेट ठोकण्याच्या त्याच कौशल्यातून १९४५ मध्ये हलक्या होड्या बाजारात आणल्या. उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी तेथील तळ्यांच्या काठी घरोघरी पालथ्या घातलेल्या अशा होड्या पाहिल्या असतील. लोखंडाच्या मानाने या धातूचे वजन साधारण एक तृतीयांश. दोन माणसे होडी उचलून पाण्यात सोडू शकतात. धरणाचे पाणी उन्हाळ्यात मैलभर मागे हटते तेव्हा या गुणाचे मोल कळते.

हवा लागताच अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. गोड्या पाण्यात हा थर वर्षानुवर्षे टिकतो. धोका असतो तो संगतीचा. तांबे किंवा पितळ ओल्या अॅल्युमिनियमला चिकटून राहिले तर अॅल्युमिनियम झिजते. होडीच्या तळाशी चिखलात पडून राहिलेले तांब्याचे नाणेदेखील पत्र्याला भोक पाडू शकते. कुजू नये म्हणून तांब्याच्या क्षारांत मुरवलेले लाकूड, साधे लोखंडी खिळे, साचलेला ओला पालापाचोळा हे सारे तिचे शत्रू. लोखंडाला गंज चढू नये म्हणून लावतात तो शिशाचा शेंदरी रंग या पत्र्याला अपाय करतो. लोखंडी तारेच्या ब्रशने घासले तर लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तेथूनच झीज सुरू होते.

होडी गळू लागते ती बहुधा रिव्हेटपाशी. खडकावर ओढल्याने आणि इंजिनाच्या थरथरीने रिव्हेट सैल होतात. गळती शोधण्याची रीत सोपी आहे. होडी भक्कम आधारांवर नीट टेकवून आत चार बोटे पाणी भरावे आणि बाहेरून जेथे थेंब दिसेल तेथे खूण करावी. खूण खडूने करावी. शिसपेन्सिलीतील ग्राफाइटही या धातूला बाधते. सैल रिव्हेटवर आतून एकाने जड लोखंडी ठोकळा धरावा आणि बाहेरून दुसऱ्याने हातोडीने तो पुन्हा बसवावा. अगदीच झिजला असेल तर अॅल्युमिनियमचाच नवा रिव्हेट घालावा आणि सांध्यात पाण्यात टिकणारे सीलंट भरावे. पत्र्याला चीर गेली असेल तर तिच्या टोकाशी बारीक छिद्र पाडले की चीर पुढे सरकत नाही. मग वर ठिगळ रिव्हेटने बसवता येते. तळाशी तरंगण्यासाठी भरलेला फोम पाणी पिऊन जड झाला असेल तर तो बदलावा लागतो. काम संपल्यावर तळाचे बूच काढून होडी कोरडी करावी आणि जमिनीपासून उंच, पालथी ठेवावी. दोन माणसांचे दीड-दोन दिवसांचे हे काम आहे, आणि पावसाळ्यात मासे अंडी घालतात तो बंदीचा काळ त्यासाठी जणू मोकळा ठेवलेला आहे.

अडचण एकच आहे. लाकडी डोंगी गावचा सुतार नीट करतो, लोखंडी पत्रा गावचा लोहार जोडतो. अॅल्युमिनियमचे तसे नाही. हा धातू सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळतो, तर त्यावरील ऑक्साइडचा थर २००० अंशांनाही दाद देत नाही; त्यामुळे साध्या वेल्डिंगने पातळ पत्रा सांधला जाण्याऐवजी वितळून जातो. ज्या गावात होडी पोहोचते तेथे तिचा कारागीर पोहोचत नाही.

लेखाशीर्षाची भिंत

एका जिल्ह्यात असताना मी एका जलाशयाची पाहणी केली होती. पाच वर्षांपूर्वी तेथील मच्छीमार संस्थेला एका योजनेतून बारा अॅल्युमिनियमच्या होड्या मिळाल्या होत्या. जडसंग्रह नोंदवहीत बाराही होड्या ‘चालू स्थितीत’ होत्या. प्रत्यक्षात सात काठावर पालथ्या पडल्या होत्या आणि त्यांपैकी पाचांचा दोष फक्त रिव्हेटपाशीचा होता. संस्थेच्या एका वयस्क सभासदाला मी विचारले, “एवढे तर तुम्हीही करू शकला असता, का केले नाही?” तो शांतपणे म्हणाला, “साहेब, होडीवर सरकारचे नाव आहे. मी हातोडी मारली आणि पत्रा फाटला तर वसुली माझ्यावर निघेल. नाही मारली तर कोणी विचारत नाही.” त्याच वर्षी पावसाळ्यापूर्वी, ट्यूबवरून जाळे ओढताना, त्या संस्थेचा एक तरुण सभासद बुडाला होता. फाइलीत ती ‘अपघाती मृत्यू’ अशी एक ओळ होती. पालथ्या पडलेल्या होड्या दुसऱ्या फाइलीत होत्या. या दोन फाइली एकत्र ठेवून वाचण्याची आपल्या कार्यपद्धतीत तरतूद नाही.

हे कोणा एकाच्या आळसामुळे घडत नाही. होडीची खरेदी भांडवली खर्चाच्या लेखाशीर्षात बसते. तिच्यासाठी निधी येतो, वाटपाचा समारंभ होतो, उपयोगिता प्रमाणपत्र जाते आणि योजना पूर्ण होते. रिव्हेट आणि सीलंट महसुली खर्चात मोडतात; त्यासाठी खात्याकडे स्वतंत्र तरतूद बहुधा नसते. निर्लेखनाची प्रक्रिया इतकी लांबट की मोडलेली होडी मोडली असे कागदावर लिहिण्यापेक्षा ती चालू आहे असे लिहिणे सोपे जाते. लेखापरीक्षक होड्यांची संख्या मोजतो. त्या तरंगतात की नाही हे पाहणे त्याच्या तपासणीच्या तक्त्यात क्वचितच असते.

मे २०२० मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचा आराखडा २०,०५० कोटी रुपयांचा होता. तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला खर्चाच्या ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद झाली. मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूसाठी पाच लाख रुपयांचे विमा संरक्षणही आहे. या तरतुदी चांगल्याच आहेत. त्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु मृत्यूनंतर पाच लाख रुपये देणारी व्यवस्था मृत्यूपूर्वी मूठभर रिव्हेट का देऊ शकत नाही, हा प्रश्न विचारला पाहिजे.

दोन उदाहरणे

यावर मार्ग नाही असे नाही. हिमाचल प्रदेशात भाक्रा धरणाच्या गोविंदसागरावर मासेमारी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांमार्फत चालते आणि राज्य मासळीच्या किमतीवर स्वामित्वधन घेते. दीर्घकाळ तो दर १५ टक्के होता. अलीकडच्या वर्षांत तो उतरवण्यात आला. कौटिल्याचा सहावा हिस्सा म्हणजे १६.६७ टक्के. दोन हजार वर्षांच्या अंतराने हे आकडे इतके जवळ यावेत याची गंमत वाटते. फरक एवढाच की कौटिल्याच्या हिश्शात होडीचे भाडे धरलेले होते. हिमाचलात होडी मासेमाराची स्वतःची. म्हणून तिच्यावर हातोडी मारताना त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातील तवा जलाशयाचे. तवा नदीवरील धरणाने विस्थापित झालेल्या आदिवासींनी ठेकेदारी पद्धतीविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि १९९६ मध्ये त्यांच्या सहकारी संघाला जलाशयाचा पट्टा मिळाला. बीज सोडणे, बंदीचा काळ पाळणे, मासळी दूरच्या बाजारांपर्यंत पोहोचविणे ही कामे ज्यांची जमीन बुडाली त्यांनीच चालवून दाखविली. पुढे व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीचा प्रश्न आला आणि २००६ च्या अखेरीस तो पट्टा संपला. वन्यजीव संरक्षणाचे महत्त्व मी नाकारत नाही. पण त्या दहा वर्षांनी एवढे सिद्ध केले की ज्याच्याकडे पाण्याचा हक्क आहे तो पाण्याची काळजीही घेतो. हक्क एकाकडे आणि काळजी दुसऱ्याकडे अशी फाळणी केली की दोन्ही बुडतात.

सहकारी अधिकारी मित्रांशी बोलताना एक आक्षेप हमखास येतो. शासनाने डागडुजीही करायची म्हटली तर मासेमार कायमचा परावलंबी होईल, असे ते म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे. परंतु कौटिल्याने त्याचेही उत्तर देऊन ठेवले आहे असे मला वाटते. नाव राजाची असेल तर राजाच्या अधिकाऱ्याने ती राखावी. स्वतःची असेल तर भाडे नाही आणि मालकच ती राखील. आज आपण तिसराच प्रकार निर्माण केला आहे. होडी वापरतो मासेमार, नाव शासनाचे, आणि राखणारा कोणीच नाही.

म्हणून माझे म्हणणे मर्यादित आहे. होडी अनुदानावर दिली की ती पहिल्या दिवसापासून लाभार्थ्याच्या किंवा संस्थेच्या मालकीची व्हावी आणि ती दुरुस्त करण्याचा त्याचा अधिकार मंजुरीच्या आदेशातच लिहिलेला असावा. जेथे ती शासनाचीच राहणार असेल तेथे खरेदीच्या रकमेचा काही ठरावीक भाग पुढील पाच वर्षांच्या डागडुजीसाठी त्याच मंजुरीत राखून ठेवावा. प्रत्येक मोठ्या जलाशयावरील संस्थेतील दोन तरुणांना जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत रिव्हेटकाम शिकवावे. आणि दरवर्षी बंदीच्या काळात होड्यांची तपासणी व्हावी, ती नोंदवहीत नव्हे तर पाणी भरून. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्याने मनावर घेतले तर यांतील निम्म्या गोष्टी विद्यमान नियमांतच बसतात.

त्या जिल्ह्यातील पाच होड्या पुढे दुरुस्त झाल्या. विमानतळावरील कामाचा अनुभव असलेला एक निवृत्त कारागीर शेजारच्या शहरात सापडला. त्याने संस्थेतील तिघांना दोन दिवसांत रिव्हेट ठोकायला शिकवले. खर्च कोणत्या लेखाशीर्षात टाकावा यावर मात्र लेखा शाखेशी माझा पत्रव्यवहार त्यानंतर चार महिने चालला होता.